पाणी वरूनच येतं, हे सिद्ध करा म्हणे!

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना गुरुत्वाकर्षणाचा नियम लागू नाही. तिसऱ्या मजल्यावर कुणी आंघोळ केली आणि दुसऱ्या मजल्याच्या छतातून पाणी ठिबकलं, तर ते आलं कुठून हे अख्ख्या इमारतीत कुणालाच माहीत नसतं. वरच्याला माहीत नसतं, सेक्रेटरीला माहीत नसतं, चेअरमनला तर आपल्या इमारतीत पाणी येतं हेच माहीत नसतं. माहीत असतं फक्त खालच्याला. पण त्याच्या शब्दाला किंमत नाही, कारण तो पडला तक्रारदार. आपल्याकडे तक्रार करणारा माणूस आधी संशयित असतो, मग कटकट्या ठरतो आणि शेवटी वार्षिक सभेत त्याचं नाव निघालं की लोक एकमेकांकडे बघून हसतात.

मी हा खालचा माणूस आहे. त्यामुळे हा लेख तटस्थ नाही. तटस्थ मंडळींनी या विषयाचं करायचं तेवढं वाटोळं करून झालेलं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. लीकेज कुणाचं, हे शोधणं अवघड नसतं. ते कुणाला शोधायचं नसतं. कारण सापडत नाही तोवर भुर्दंड एकट्या खालच्याला, आणि ही व्यवस्था बाकी सगळ्यांना परवडते. कारण सापडलं की कुणाला तरी फरशी फोडावी लागते, कुणाला तरी नोटीस काढावी लागते, कुणाला तरी लिफ्टमध्ये कुणाशी तरी वाईट व्हावं लागतं. त्यापेक्षा खालच्याने बादली लावावी, हे उत्तम.

माझ्या बाथरूमच्या छताला आधी बशीएवढा पिवळट डाग आला. मग त्याला तपकिरी कड आली, कडेवर पांढरा खार फुटला, रंगाचे पोपडे सुटायला लागले. डाग सरकत सरकत दिव्याच्या होल्डरपाशी पोचला, तेव्हा आम्ही त्या बाथरूमची वीज तोडली आणि मेणबत्तीच्या उजेडात आंघोळी सुरू केल्या. एका सकाळी दीड फुटाचं प्लास्टर कमोडवर पडलं. वर बघितलं तर स्लॅबची सळई उघडी पडलेली, गंजून फुगलेली, बोट लावलं की पापुद्रे निघणारी.

वर गेलो. वहिनींनी दार उघडलं, अगत्याने आत नेलं आणि बाथरूम दाखवलं. "बघा ना, आमचं तर कोरडंठाक आहे." कोरडंच असणार! त्यांचं पाणी माझ्याकडे मुक्कामाला होतं. आतून त्यांचे यजमान म्हणाले, "अहो साहेब, सगळं आत्ताच नवीन केलंय. टाइल्सचा भाव ऐकलात तर चक्कर येईल. आमच्याकडून लीकेज शक्यच नाही." सेक्रेटरीकडे गेलो. तो वयाने लहान, त्यामुळे काका म्हणतो. "काका, तुम्ही दोघं सुशिक्षित माणसं. हा दोन मेंबरांचा आपसातला मामला आहे, बसून मिटवून टाका ना." मग सोसायटीचा ठरलेला प्लंबर आला. त्याने मोबाइलचा टॉर्च मारला, मान वाकडी केली आणि निदान सांगितलं, "साहेब, पाण्याचं काय, कुठूनपण येऊ शकतं." या वाक्याचे पैसे त्याने माझ्याकडून घेतले.

आता या तिन्ही उत्तरांचा समाचार घेऊ. सुरुवात टाइल्सपासून.

बाथरूमखालचा स्लॅब घराच्या इतर स्लॅबपेक्षा खोल टाकलेला असतो. त्या खोलगट भागात वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यातून जाणारे पाइप, कोपऱ्यात नहाणी ट्रॅप, वर सिमेंटचा थर आणि सगळ्यात शेवटी टाइल्स. पाणी अडवायचं काम खालच्या थराचं. टाइल्स पाणी अडवत नाहीत, नजर अडवतात. दोन टाइल्समधल्या सांध्यातून पाणी रोज थोडं थोडं मुरतं, खालच्या खळग्यात साचतं आणि वॉटरप्रूफिंगला जिथे भेग असेल तिथून खालच्या घरात उतरतं. म्हणूनच वरचं बाथरूम आरशासारखं लखलखत असतानाही खालचं छत सडत असतं. उलट, लखलखीत नवं बाथरूम हा पहिला संशयित मानावा. जुन्या टाइल्स काढताना ब्रेकर मशीन चालतं, ते टाइलपाशी थांबत नाही. कोबा हादरतो, जुनं वॉटरप्रूफिंग फाटतं, ट्रॅपचा सांधा सैल होतो. मग कंत्राटदार घाईघाईत वरून नव्या टाइल्स बसवतो, कारण मालकाला टाइल्स दिसणार असतात. वॉटरप्रूफिंग दिसणार नसतं. ज्या दिवशी वरच्याकडे गृहप्रवेशाची पूजा होते, त्या दिवसापासून खालच्याकडे अभिषेक सुरू होतो.

"पाणी कुठूनपण येऊ शकतं" हे दुसरं असत्य. पाणी कुठूनही येत नाही. ते वेळापत्रक पाळून येतं आणि ते वेळापत्रकच त्याचा पत्ता सांगतं. दिवसरात्र, घरात कुणी असो वा नसो, सारखं ठिबकत असेल, तर बहुतेक नळाच्या दाबाखालचा पाइप फुटलाय. वरच्याचा मुख्य कॉक बंद करा, ठिबक थांबते का बघा. आंघोळी, धुणीभांडी आटोपली की तासाभराने वाढत असेल, तर फरशी, नहाणी ट्रॅप किंवा सांडपाण्याचा पाइप. फ्लश ओढला की वाढत असेल, तर आणखी वेगळा पाइप. जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीत सुकत असेल, तर गच्ची, बाहेरची भिंत किंवा डक्ट. यासाठी आयआयटीचा प्राध्यापक आणावा लागत नाही. खालच्या घरातल्या बाईने आठवडाभर कॅलेंडरवर खुणा केल्या तरी पुरे.

खात्री करायची असेल तर चाचणी आहे, आणि ती हास्यास्पद वाटावी इतकी सोपी आहे. वरच्या बाथरूममध्ये नहाणीच्या तोंडात फडक्याचा बोळा घट्ट कोंबायचा, दोनेक इंच पाणी भरायचं, भिंतीवर पातळीची खूण करायची आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास थांबायचं. पातळी उतरली आणि खालचं छत ओलावलं, तर फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलं. तसं झालं नाही तर पाण्यात रंग मिसळून बोळा काढायचा. आता खाली रंगीत ओल आली तर ट्रॅप किंवा सांडपाण्याचा पाइप दोषी. तरीही काही नाही? मग नळाच्या पाइपांना दाब देऊन बघायचं. खर्च म्हणाल तर पहिल्या दोन चाचण्यांना एक जुनं फडकं आणि चिमूटभर रंग. गैरसोय म्हणाल तर वरच्याने दोन दिवस दुसरं बाथरूम वापरायचं. एवढ्याशा कामासाठी माणसं वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करतात! कारण उघड आहे. चाचणी केली की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की खर्च येतो. वरचा चाचणी नाकारतो, ती नेमकी त्याला निकाल आधीच माहीत असतो म्हणून.

आता सेक्रेटरींचं तिसरं आणि सगळ्यात निर्लज्ज असत्य: "दोन मेंबरांचा आपसातला मामला."

सहकार खात्याचे आदर्श उपविधी आपल्या बहुतेक सोसायट्यांनी स्वीकारलेले आहेत. ते कपाटात असतात, कपाटाची किल्ली चेअरमनकडे असते आणि चेअरमन मुलीकडे पुण्याला गेलेले असतात, हा भाग वेगळा. त्या उपविधींत दुरुस्तीची वाटणी स्वच्छ केलेली आहे. गच्ची, बाहेरचे सामाईक पाइप, ड्रेनेज, पावसाचं लीकेज, गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्याच्या छताचं झालेलं नुकसान, आणि सगळ्या सदनिकांच्या छतांची संरचनात्मक दुरुस्ती: हे सगळं सोसायटीच्या खर्चाने. संडास, बाथरूम, सिंक यांतून घरातल्या घरात होणारं लीकेज: ज्याच्या सदनिकेतून होतं त्याच्या खर्चाने. यात तिसरा रकाना नाही. "दोघांनी बसून मिटवा" असा खर्चाचा प्रकार उपविधींत मला कुठेही सापडला नाही.

एवढ्यावरही उपविधी थांबत नाहीत. तक्रार आली की सचिवाने सदनिकेची पाहणी करायची, अहवाल समितीपुढे ठेवायचा, दुरुस्ती सभासदाने करायची असेल तर त्याला मुदत घालून नोटीस द्यायची, आणि त्याने केली नाही तर सोसायटीने स्वतः करून घेऊन पैसे त्याच्याकडून वसूल करायचे, अशी पायरी पायरीने वाट आखून दिलेली आहे. म्हणजे अधिकार आहे, पद्धत आहे, वसुलीची तरतूद आहे. नाही तो फक्त कणा.

आणि सळई गंजल्यावर मामला दोघांचा उरतोच कुठे? गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं. सळई फुगते, काँक्रीटला आतून फोडते, प्लास्टर खाली येतं, मग आणखी ओल आत शिरते. माझ्या कमोडवर जे पडलं ते माझ्या बाथरूमचं सौंदर्य नव्हतं, ते सोसायटीच्या इमारतीचं हाड होतं. याच उपविधींनी पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतींचं दर पाच वर्षांनी आणि तिशी उलटलेल्यांचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय. ऑडिटरचा अहवाल आला की त्यात पहिल्याच पानावर ओल, लीकेज, उघड्या सळया. म्हणजे पाच वर्षं ज्याला कमिटी "आपसातला मामला" म्हणते, त्यालाच सहाव्या वर्षी ऑडिटर "इमारतीला धोका" म्हणतो आणि मग सगळ्यांच्या दारावर मोठ्या दुरुस्तीच्या वर्गणीचा कागद लागतो. त्या वर्गणीत मीही असतो. आधी छत माझं पडलं, आता पैसेही माझे.

"पण कमिटी मानद असते हो, बिचारे वेळात वेळ काढून काम करतात." हा युक्तिवाद ऐकून माझ्या कानाला घट्टे पडले आहेत. मानद माणसं पार्किंगच्या पांढऱ्या रेषेवर चार इंच चाक आलं तर रात्री अकराला फोन करतात. मानद माणसं भाडेकरू अविवाहित आहे का याची चौकशी करतात. मानद माणसं मेंटेनन्स थकला तर एकवीस टक्क्यांपर्यंत व्याज लावतात, कारण आदर्श उपविधींनी तेवढी मुभा ठेवलेली आहे. आणि तरीही कुणी भरला नाही तर निबंधकाकडून वसुली दाखला आणून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायला सज्ज होतात. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यातलं वसुलीचं कलम यांना तोंडपाठ. पाहणीचं आणि नोटिशीचं कलम मात्र "बघावं लागेल." मानदपणा असा सोयीने ओसरतो आणि सोयीने भरतो.

खरं कारण मतांचं आहे. वरचा सभासद सभेला येतो, त्याच्या भावाचाही फ्लॅट याच इमारतीत, गणपतीला तो मोठी वर्गणी देतो. खालचा एकटा. कमिटीला निवडणूक येते, छताला येत नाही.

पैशाची सबब तर काढूच नये. बांधकाम खर्चाच्या वार्षिक पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड, असं उपविधींत किमान प्रमाण दिलेलं आहे. आमच्या सोसायटीत या निधीच्या मुदत ठेवी आहेत, आणि दर वार्षिक सभेत खजिनदार त्या ठेवींचा आकडा असा वाचून दाखवतो की जणू नातवाचे मार्क. इमारत गळतेय आणि फंड वाढतोय, याला आमच्याकडे उत्तम व्यवस्थापन म्हणतात.

यातूनच जन्माला येतो तो महान तोडगा: फिफ्टी-फिफ्टी. निम्मे वरच्याने द्या, निम्मे खालच्याने. हा न्याय कोणत्या ग्रंथातला? तुमच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग गेलं, माझं छत पडलं, आणि दोघांनी समान वर्गणी काढायची? उद्या चोर पकडला तर चोरीचा माल निम्मा-निम्मा वाटून घ्या म्हणाल. फिफ्टी-फिफ्टीत दोषी माणसाला पन्नास टक्के सूट मिळते आणि निर्दोष माणसाला पन्नास टक्के दंड होतो, वर "चला, मिटलं" म्हणून कमिटी पेढे खाते. यापेक्षाही नामी युक्ती म्हणजे "खालून ग्राउटिंग करून घ्या." खालच्याने छतात भोकं पाडून रसायन भरायचं. पाणी तिथून थांबतं आणि चार फुटांवरून दुसरीकडे फुटतं, कारण उगम वर तसाच आहे. रोग एकाला, इंजेक्शन दुसऱ्याला.

वरच्या लोकांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे, त्यात तथ्य नाही असं नाही. आमच्या घरात कुणीही कधीही घुसावं का? नाही, रीतसर आगाऊ सूचना द्यायला हवी. आमची काहीच चूक नसताना, पाणी डक्टमधल्या सामाईक पाइपचं असताना आमची फरशी का फोडायची? अगदी बरोबर, म्हणूनच आधी चाचणी, मग घण. वॉटरप्रूफिंग मुळात बिल्डरनेच निकृष्ट केलं, त्याला आम्ही काय करणार? पुष्कळ करू शकता. रेराच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष निदर्शनाला आणला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा आहे. त्याआधीच्या १९६३ च्या मोफा कायद्यात ही मुदत तीन वर्षांची होती. पण पाच वर्षं वरचा म्हणतो "आमचं कोरडं आहे", कमिटी म्हणते "बसून मिटवा", आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या महिन्यात सगळ्यांना बिल्डर आठवतो. बिल्डरला याहून चांगले ग्राहक देव देत नाही.

खालचेही सगळे संत नसतात. छताच्या कोपऱ्यात ओल आली म्हणून अख्ख्या फ्लॅटला पीओपी, नवं फर्निचर आणि मनस्तापाची भरपाई मागणारे महाभाग मी पाहिले आहेत. ओल आली त्या दिवसापासून तारखेसकट फोटो ठेवावेत, लेखी तक्रारीची पोच घ्यावी, आणि जेवढं पाण्याने बिघडलं तेवढंच मागावं. रागाच्या भरात मेंटेनन्स तर मुळीच थांबवू नये. तुम्ही मेंटेनन्स थांबवलात की तुम्ही पीडित राहत नाही, थकबाकीदार होता. आणि ज्या कमिटीला तुमच्या अर्जावर कारवाई करायला वर्षभर वेळ नव्हता, ती तुमच्यावर पुढच्याच बैठकीत कारवाई करते.

मग कोर्टात जा, असं म्हणणारे शूर भेटतात. अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे, सोसायटीच्या सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोग आहे, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतींची वाट आणखी वेगळी. सगळं आहे. पण तारखा महिन्यांच्या हिशोबाने पडतात आणि पाणी मिनिटांच्या. शिवाय तिथेही पहिला प्रश्न तोच: पाणी वरूनच येतं, हे सिद्ध करा. सिद्ध करायला वरच्याच्या घरात जावं लागतं आणि वरचा दार उघडत नाही. ज्याच्याकडे पुरावा आहे त्याने तो कुलपात ठेवायचा आणि ज्याच्याकडे नाही त्याने तो आणायचा. खेळाचे नियमच असे असतील तर निकाल वाचायची गरज काय?

हा दोष आपल्या रक्तात इंग्रजी कायद्याबरोबर आला आहे. १८६८ साली रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की आपल्या जमिनीत कुणी मोठा पाणीसाठा केला आणि तो फुटून शेजाऱ्याच्या खाणीत शिरला, तर हलगर्जी सिद्ध करायची गरज नाही. पाणी तुमचं, भरपाई तुमची. वाचून खालच्याला वाटावं, चला, सुटलो. पण १९१३ साली मेलबर्नहून प्रिव्ही कौन्सिलपुढे रिकर्ड्स विरुद्ध लोथियन हा खटला आला. चौथ्या मजल्यावरचं बेसिन कुणीतरी मुद्दाम बोळे घालून तुंबवलं, नळ सोडून दिला, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचा माल भिजला. निकाल लागला की घरगुती पाणीपुरवठा हा जागेचा साधा, नेहमीचा वापर आहे, त्याला तो कडक नियम लागत नाही. तलाव फुटला तर मालक आपोआप जबाबदार. बेसिन तुंबलं तर खालच्याने दुसऱ्याची चूक शोधत फिरायचं. त्या खटल्यापुरता निकाल बरोबर असेलही, पाणी परक्या माणसाने सोडलं होतं. पण आपल्या इमारतींत रोज स्वतःच्या नहाणीचं पाणी दुसऱ्याच्या डोक्यावर सोडणारे त्याच ढालीमागे उभे असतात.

तोच इंग्रजी वारसा सिंगापूरलाही मिळाला होता. त्यांनी तो पुसून टाकला. २००४ च्या त्यांच्या इमारत देखभाल कायद्यात स्पष्ट म्हटलंय की छतातून पाणी आलं तर दोष वरच्याच सदनिकेत आहे असं गृहीत धरायचं. वरच्याला ते मान्य नसेल तर त्याने उलट पुरावा द्यावा. बस. एका वाक्याने अख्ख्या भांडणाची दिशा फिरते. आता दार बंद ठेवणं वरच्याच्या तोट्याचं होतं. प्लंबर तोच बोलावतो, नहाणीत बोळा तोच कोंबतो, कारण सुटायचं असेल तर निकाल त्यालाच हवा असतो. फ्रान्समध्ये तर दोन्ही शेजारी एक छापील फॉर्म मिळून भरतात, कुठून, कधी, काय भिजलं, आणि तो आपापल्या विमा कंपनीला देतात. लहान नुकसानीचा हिशोब कंपन्या २०१८ पासूनच्या एका आपसातल्या करारानुसार लावतात. शेजाऱ्यांना एकमेकांचं तोंड चुकवत जिना उतरावा लागत नाही.

आपल्याकडे विम्याचा रस्ता अर्धाच बांधलेला आहे. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. त्यात टाकी किंवा पाइप फुटून, भरून वाहून झालेलं नुकसान धरलेलं आहे. पण आपलं दुखणं फुटण्याचं नसतं, मुरण्याचं असतं. आणि हळूहळू झिरपून, झिजून झालेल्या नुकसानीला विमेवाला हात लावत नाही. म्हणजे वरच्याने एकदाच काय ते घर भरून पाणी सोडलं तर मला काही आशा आहे. तो बिचारा रोज नेमाने थेंब थेंब सोडतो.

मग करायचं काय? कायदा बदलायची वाट बघायची गरज नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश बहुमताने उपविधी दुरुस्तीचा ठराव करून निबंधकांकडून तो नोंदवून घेता येतो. त्यात एवढंच घाला. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत पाहणी, पंधरा दिवसांत पाणी भरून चाचणी, आणि तिचा खर्च आधी सोसायटीच्या निधीतून. रीतसर सूचना देऊनही वरच्याने दार उघडलं नाही, तर लीकेज त्याचंच असं गृहीत. दोष सापडला की तीस दिवसांत दुरुस्ती. नाहीतर सोसायटीने करून घ्यायची आणि मेंटेनन्सच्या थकबाकीला जे व्याज लागतं, त्याच व्याजाने वसूल करायची. आणि नवं बाथरूम करणाऱ्याला कमिटीने परवानगी द्यायची ती या अटीवर की टाइल्स बसवण्यापूर्वी वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या शेजाऱ्याने आपलं छत कोरडं असल्याची सही दिल्याशिवाय पुढचं काम नाही. इंटिरियरवाले कुरकुर करतील. त्यांना करू द्या, ते त्या इमारतीत राहत नाहीत.

यात अन्याय कुणावर होतो? तळमजल्याचा माणूस आणि सगळ्यात वरच्या मजल्याचा माणूस सोडला, तर इमारतीतला प्रत्येक जण कुणाच्या तरी खाली आहे आणि कुणाच्या तरी वर. आज जो वरचा म्हणून दार बंद करतो, त्याच्याही डोक्यावर कुणीतरी नवीन टाइल्स लावत असतो.

मुंबईतली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली गावदेवीला सारस्वत मंडळींनी उभी केली. शंभर वर्षांहून अधिक काळ आपण सहकार हा शब्द पाटीवर लिहितोय. आपला सहकार गच्चीवर झेंडा लावतो, होळीला पुरणपोळी वाटतो, आणि शेजाऱ्याच्या बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरून बघायची वेळ आली की "आपसात मिटवा" म्हणून पाठ फिरवतो.

तेव्हा यंदाच्या वार्षिक सभेत हा विषय "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" या रकान्यात जाऊ देऊ नका. तो रकाना येईपर्यंत अर्धे लोक वडापाव घेऊन घरी गेलेले असतात. विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकाला घ्या, ठराव वाचा आणि हात वर करायला सांगा. आणि ठरावाच्या विरोधात जो कुणी हात वर करेल, त्याच्या नहाणीत पहिला बोळा कोंबा.